‘गेलेले केस परत आले कसे?’

ताई,

कळव्याहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बारावी सायन्सला. टायफॉइडनंतर तिचे केस पुंजक्यांनी गेले, काही महिन्यांनी पुन्हा आले, आणि ‘ते आले कसे?’ हे तिने धरूनच ठेवलंय. तिला यावरच संशोधन करायचंय. दीर म्हणतात, वाशीला हेअर ट्रीटमेंटचा सहा महिन्यांचा कोर्स कर आणि कमवायला लाग. संशोधनावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी तिच्या प्रश्नाचं बघू. तिला म्हणावं, कंगव्यात अडकलेला केस उजेडात धर. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसेल. मूळ म्हणून आपण तीच दाखवतो, पण नवा केस उगवणारं यंत्र त्वचेतच राहिलेलं असतं. तिथे आतल्या त्वचेतल्या पेशींचा चिमुकला झुबका असतो, डर्मल पॅपिला. तो शेजारच्या मूळपेशींना (ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात त्यांना, इंग्रजीत स्टेम सेल) रासायनिक निरोप धाडतो, त्यांच्याकडूनही निरोप येतात, आणि झोपलेला केशकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली पिशवी, जागा होतो. तापामुळे तिचे पुष्कळ केशकूप एकदम झोपले होते, मेले नव्हते.

१९९९ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी एका पुरुषाच्या डोक्यातल्या केशकुपांच्या तळाच्या पेशी एका बाईच्या हातात बसवल्या, तिथे नवे केस उगवले! पण पॅपिलाच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत सपाट वाढवल्या की नवे केस उगवण्याचा गुण हरवतात. २०१३ मध्ये त्यांचे गोळे करून वाढवले, तेव्हा तो थोडाफार परतला. बरंच कोडं अजून बाकी आहे. तिच्यासाठी जागा आहे ती इथे.

कोर्समध्ये हे शिकवत नाहीत. कोर्स वाईट नाही, पण तिचा प्रश्न तिथे सुटणार नाही. पेशंट बघायची ओढ असेल तर एमबीबीएस करून त्वचारोगात एमडी. नाहीतर झूलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी, एमएस्सी, मग पीएचडी. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात केशकुपातल्या मूळपेशींवर काम चालतं. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की झालं.

वेळ लागेल, लपवत नाही: बारावीनंतर दहा-अकरा वर्षं. पण एमएस्सीनंतर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कंपन्या आहेतच.

एकच बघा. एकच प्रयोग चौथ्यांदा फसला तर ती पाचव्यांदा मांडेल का? हे मला पत्रातून कळत नाही, तुम्हाला आई म्हणून कळेल. दिरांना उत्तर द्यायच्या आधी तिच्याशी यावर बोला.