सासूबाईंच्या रविवारच्या जेवणावर पेपरात लेख येणार आहे, पण त्यांना मापं माहीत नाहीत. तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. सासूबाई दर रविवारी मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना एकत्र जेवायला बसवतात, गावातल्या दैनिकाला रविवारच्या पुरवणीत त्यावर लेख करायचाय, पुढच्या आठवड्यात बातमीदार घरी येणार, आणि सासूबाई म्हणतात, "मला मापं येत नाहीत, मी काय सांगू?" आमच्या घरी सहा वर्षांपूर्वी अगदी हेच झालं. आम्ही कोल्हापूरचे. आई तेव्हा 67 वर्षांची होती, आणि विषय होता तिचं रविवारचं मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा.

लेख सुंदर आला होता. आईचा ओट्याशी उभा असलेला फोटो पाव पानभर होता, गल्लीत पेपर फिरला, मामा कागलहून पेढे घेऊन आले. पण पाककृती चुकीची छापली गेली, आणि आईला ते आजही लागून राहिलंय. म्हणून तुम्हाला सांगते, बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण बातमीदार येण्याआधीच्या रविवारी सासूबाईंचा स्वयंपाक एकदा मोजून घ्या.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. बातमीदार मुलगी चांगली होती, मन लावून ऐकत होती. तिनं विचारलं, "तिखट किती?" आई म्हणाली, "चटणी चार चमचे." आता कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची ती नव्हे. उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या वाळवून, त्यात कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, गरम मसाला घालून डंकावर कुटून आणतात, वर्षभर बरणीत भरून ठेवतात, ती कांदा-लसूण चटणी. तिच्यात मिरची हा एकच ऐवज नसतो. पेपरात मात्र छापून आलं, "लाल मिरची पूड 4 चमचे". बहुधा बाहेरगावच्या वाचकाला कळावं म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूनंच बदललं असेल. पण त्या मापानं केलेला रस्सा नुसता जाळ होतो, त्याला चव येत नाही आणि दाटपणाही येत नाही.

दुसरी चूक पांढऱ्या रश्श्यात झाली. हा रस्सा मटणाच्या अळणीवर होतो. अळणी म्हणजे हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलेलं पाणी. त्यात खसखस, पांढरे तीळ आणि काजूचं वाटण पडतं, तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडे, मिरी यांची फोडणी होते, आणि सगळ्यात शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर आच बारीक करायची आणि डाव फिरवत राहायचा, खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. जास्त तापलं की दुधातली प्रथिनं गोळा होतात, तेल सुटून वर येतं आणि रस्सा फाटतो. आईनं हे त्या मुलीला दोनदा सांगितलं होतं, माझ्यासमोर. छापून आलं, "नारळाचं दूध घालून चांगली उकळी आणावी".

त्या रविवारी दुपारी बारा वाजल्यापासून फोन सुरू झाले, कारण लेखाखाली आईचा मोबाइल नंबर दिला होता. इचलकरंजीच्या एका ताई रडवेल्या झाल्या होत्या. घरी व्याही-विहीण बसलेले, दोन नारळांचं दूध घातलेलं आणि रस्सा फाटून पाणी वेगळं, चोथा वेगळा. आईनं स्वतःचं ताट बाजूला सारून त्यांना फोनवर सांगितलं, गॅस बंद करा, जरा निवू द्या, गाळून मिक्सरला फिरवा, मग नुसता कोमट करून वाढा. त्यांचं काम भागलं. आई मात्र त्या दिवशी नीट जेवली नाही. लोक आपल्या नावावर विश्वास ठेवून मटण आणतात आणि ते वाया जातं, हेच ती बोलत राहिली. मटणाचा दर कोल्हापुरात किती जिव्हाळ्याचा विषय आहे ते 2019 च्या दरवाढीच्या आंदोलनात सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तिला वाटलं त्यात काही नवल नाही.

आता मोजायचं कसं. सासूबाईंना "किती घालता?" असं विचारूच नका. चाळीस वर्षं ज्या हातानं अंदाज घेतलाय त्या हाताला प्रश्न विचारला की तो अडखळतो. आम्ही पुढच्याच महिन्यात असं केलं: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. स्वयंपाकाच्या आधी चटणीची बरणी, मिठाचा डबा, हळदीची डबी, तुपाचं भांडं, सगळ्यांचं वजन लिहून ठेवलं. आईला म्हटलं, तू नेहमीसारखं कर. ती करत गेली. संपल्यावर सगळे डबे पुन्हा काट्यावर ठेवले. फरक निघाला तेच माप. एक किलो मटणाला चटणी 56 ग्रॅम गेली होती. तिच्या एका मुठीत किसलेलं सुकं खोबरं 38 ग्रॅम बसतं. पाण्याचंही तसंच, ती ज्या तांब्यानं पाणी घालते तो तांब्या एकदा मोजून घेतला की पुढं "दोन तांबे" म्हणजे किती ते कळतं.

वेळ घड्याळावर लिहा, पण तिच्या खुणाही लिहा. "कांदा सात मिनिटं परता" याला फारसा अर्थ नाही, कारण तुमचा गॅस आणि माझा गॅस वेगळा. "कडेनं तेल सुटेपर्यंत" याला अर्थ आहे. आई पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतते, मटण खाली शिजत असताना ते पाणी वर तापतं, आणि लागेल तसं तेच गरम पाणी मटणात घालते. गार पाणी घातलं की आधण बसतं आणि मटण लवकर शिजत नाही. ही गोष्ट तिनं बातमीदाराला सांगितलीच नव्हती, कारण तिच्या लेखी ती सांगण्यासारखी नव्हती. मोजायला शेजारी उभं राहिल्यावर ती मला दिसली, आणि मी तर त्याच घरात वाढलेय! सासूबाईंच्याही अशा दोन-चार गोष्टी निघतील. त्या त्यांच्या तोंडून येणार नाहीत, तुम्हालाच डोळ्यांनी टिपाव्या लागतील.

पाककृती अशी लिहून झाली की एका कागदावर स्वच्छ अक्षरात काढा आणि बातमीदाराच्या हातात द्या. रविवारची पुरवणी दोन-तीन दिवस आधी लागते, जागा ठरलेली असते, लेख लांबला की कात्री लागते. तेव्हा आधीच सांगून ठेवा की कापायचं असेल तर आमचं कौतुक कापा, कृतीतली ओळ कापू नका. पूर्ण लेख छापण्याआधी ते दाखवतीलच असं नाही, पण "फक्त साहित्य आणि कृती एकदा फोनवर वाचून दाखवा" असं म्हटलं तर नाही म्हणायचं त्यांना काही कारण नाही. आम्ही हे मागितलंच नाही. तुम्ही मागा.

आणि शब्द सासूबाईंचेच राहू द्या. चटणी म्हणत असतील तर चटणीच छापा म्हणावं, पुढं अर्धी ओळ खुलासा. आमच्याकडे बायकासुद्धा "मी करतो, मी जातो" असंच बोलतात. लेखात आईच्या तोंडी "मी पहाटे उठते, मी वाटण करते" असं सगळं पुस्तकी होऊन आलं. आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे मी कुठं बोललोय? ही कोण बाई बोलायला लागली?" तिला फोटो ओळखीचा वाटला, बोलणं परकं वाटलं.

तुम्ही विचारलंय, परंपरा म्हणून काय सांगायचं. जे खरं असेल ते. बातमीदार विचारतोच, "किती पिढ्यांपासून चालत आलंय?" आणि मग शंभर वर्षं म्हणायचा मोह होतो. आईनं सरळ सांगितलं होतं, "माझ्या सासूच्या वेळेला कुठलं रविवारचं मटण? गावची जत्रा, म्हाई, नाहीतर पाहुणा आला तर." आमच्या घरात रविवार सुरू झाला तो बाबा शाळेत नोकरीला लागल्यावर, कारण दुपारी घरी जेवायला मिळण्याचा त्यांचा तो एकच वार होता. मला तर हे शंभर वर्षांपेक्षा मोलाचं वाटतं. मुळात रविवारची सुट्टीच आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी मांडलं होतं. कष्टकरी घरातल्या रविवारच्या पंगतीमागे हा झगडा आहे. लेखात त्याची एक ओळ आली तर मला फार आवडेल.

खंडोबावरून आठवलं. रविवार म्हणजे मटण हे कोल्हापुरातही सगळ्या घरांना लागू नाही. जोतिबाचाही वार रविवारच. माघात रविवारी खेटे घालायला लोक अनवाणी डोंगर चढतात. ज्यांच्या घरी जोतिबाचा रविवार पाळतात त्यांच्याकडे मटण बुधवारी नाहीतर शुक्रवारी. आमच्या शेजारच्या काकी रविवारी पुरणपोळी नाहीतर वरण-भात-वांगं करतात, आणि आमच्याकडून त्यांच्याकडे वाटी जात नाही, त्यांच्याकडून आमच्याकडे येते. तुमच्या सासूबाईंचं जेवण शाकाहारी असेल तर "यात काय विशेष" असं त्यांना मुळीच वाटू देऊ नका. कोण कुठं बसतं, पहिली वाटी कुणाला जाते, कोण नसलं की चुकल्यासारखं होतं, हे सगळं विशेषच आहे. आमच्याकडे मटण शिजलं की पहिली वाटी अळणीची, आणि ती घरातल्या सगळ्यात लहान पोराची. फुंकर घालत ओट्याखाली बसून प्यायची. मी प्यायले, माझा भाऊ प्यायला, आता माझी भाची पिते. ही गोष्ट लेखात आली होती आणि ती नीट आली होती, त्याबद्दल त्या मुलीचे मी आजही आभार मानते.

बारीकसारीक गोष्टी. मोबाइल नंबर आणि घराचा पत्ता छापू देऊ नका. आईला महिनाभर फोन येत होते, निम्मे जण डबा देता का म्हणून विचारायचे. नाव मात्र पूर्ण छापायला सांगा, सासूबाईंचं स्वतःचं नाव. "अमुक यांच्या मातोश्री" एवढ्यावर भागवू नका. फोटोसाठी जेवण आधी करून झाकून ठेवू नका, तर्री बसते. पांढरा रस्सा पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत फोटोत दिसतच नाही, स्टीलची नाहीतर पितळेची वाटी घ्या.

शेवटचं आणि सगळ्यात कामाचं. लिहिलेला कागद जिला ते जेवण येत नाही अशा कुणाला तरी द्या आणि सासूबाईंना बाहेरच्या खोलीत बसवून तिला करू द्या. आमच्याकडे हे वहिनीनं केलं. ती नाशिकची, तिनं पांढरा रस्सा तोवर कधी केलेला नव्हता. आईला दोन वेळा उठून आत जावंसं वाटलं, भावानं तिला धरून बसवलं. रस्सा फाटला नाही. आईनं वाटी तोंडाला लावली, थांबली आणि म्हणाली, "मिरी कमी हाय. मी दोनदा घालतो, तू एकदाच लिहिलंयस." मी खरंच एकदाच लिहिली होती, फोडणीतली. दुसऱ्यांदा ती उतरवताना चिमूटभर कुटून वरून घालते, ती माझ्या नजरेतून सुटली होती, आणि मिरीचा डबा मी काट्यावर ठेवलाच नव्हता.

तुमच्या हातात एक रविवार आहे. काटा शनिवारीच आणून ठेवा, आणि सगळे डबे मोजा, मिरीचासुद्धा. सासूबाईंचं जेवण कुठल्या भागातलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पांढऱ्या रश्श्यासारखं काही असेल तर खाली कळवा, आईचा दुरुस्त केलेला कागद टाइप करून टाकते.