मालाड ते अंधेरी रोजच्या ऑफिससाठी २०२१ची सेकंडहँड डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊ का?

नको, एवढ्याशा धावेसाठी डिझेल घेऊ नका, त्याच पैशात पेट्रोल बघा. मी गॅरेजलाइनमध्ये आहे, म्हणून कारण सांगतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाड्यांना धुरातली काजळी धरून ठेवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. जोगेश्वरीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगणारी गाडी तेवढी तापतच नाही. मग फिल्टरचा दिवा लागतो, पिकअप जातो, आणि फिल्टर बदलायची पाळी आली तर खर्च सहज पाच आकडी. दर शनिवार-रविवार नाशिक-कोल्हापूर करणार असाल तर मात्र डिझेल खुशाल घ्या, लांबच्या धावेत फिल्टर आपोआप साफ होतो.

पेट्रोल घेतानाही गाडी पावसाच्या पाण्यात बुडालेली नाही ना, हे स्वतः बघा. मिलन सबवे, हिंदमाता इथे काय होतं ते आपण सगळे जाणतो.

- सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाचा डाग दिसतो का बघा.
- स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आहे का, तेही.
- मॅटखालचं कार्पेट उचलून वास घ्या. नवीन सीटकव्हर आणि परफ्यूमचा घमघमाट एकत्र असेल तर जास्तच संशय घ्या.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) आणि बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.