गोष्ट ऐकून ती रडली, तर रडू द्या

पत्र : "माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत. तीन महिन्यांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. 'आजी लांबच्या गावाला गेली' असं आम्ही मुलीला सांगितलंय. घरात आणखी दुःख नको म्हणून गोष्टीचं प्रत्येक पुस्तक मी आधी स्वतः वाचते. त्यात मरण, आजारपण, ताटातूट असेल तर ते कपाटात ठेवते. परवा सासऱ्यांनी तिला श्रावणबाळाची गोष्ट सांगितली आणि ती हमसून हमसून रडली. 'तिला आनंदी गोष्टीच सांगत जा' असं मी त्यांना जरा तोडूनच म्हणाले. तेव्हापासून त्यांनी गोष्टी सांगणंच बंद केलंय. नवरा म्हणतो, मी अति करते. लेकरू हसतं राहावं असं वाटण्यात माझं काय चुकलं?"
— एक आई, ठाणे

प्रिय ताई,

लेकरू हसतं राहावं, ही इच्छा चुकीची कशी असेल? टोपीवाल्याची माकडं, भोपळ्यातली म्हातारी, सगळं सांगा, रोज सांगा. पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते श्रावणबाळाचं नाही, 'लांबच्या गावाला' हे.

तीन-चार वर्षांच्या मुलांना मेलेलं माणूस परत येईल असं वाटतं. पाच ते सात या वयात हळूहळू उलगडत जातं की ते परत येत नाही, त्याचं शरीर पुन्हा चालू होत नाही आणि हे प्रत्येकाच्याच वाट्याला येतं. तुमची लेक नेमकी याच वयात आहे. घर माणसांनी भरलेलं, दहावं-तेरावं, तुमचे लाल डोळे, आजीची रिकामी कॉट, हे सगळं तिने पाहिलंय. ती विचारत नसेल, तर या घरात हे विचारायचं नसतं एवढं तिला कळलंय म्हणून. आणि तुमचं सांगणं तिला खरं वाटत असेल, तर ते मला आणखी जड वाटतं. आजी न सांगता निघून गेली, एक फोनही करत नाही, असा त्याचा अर्थ होतो. उद्या तुम्ही दोन दिवस माहेरी जायला निघालात की ती पदर सोडणार नाही. या वयाची मुलं दोषही स्वतःकडे घेतात : मी हट्ट केला म्हणून आजी गेली.

तेव्हा आधी ते दुरुस्त करा. शांत वेळी तिला जवळ घ्या आणि सांगा, "आम्ही तुला आजी गावाला गेली असं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. आजी खूप आजारी होती. तिचं शरीर थांबलं. ती वारली. ती आता परत येणार नाही. हे कुणाच्याही चुकीमुळे झालेलं नाही, तुझ्या तर नाहीच." 'झोपली' म्हणू नका, नाहीतर मुलं झोपायला घाबरतात. देवाघरी गेली म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याआधी 'वारली' हा शब्द येऊ द्या. सांगताना तुम्हाला रडू आलं तरी चालेल. तोच प्रश्न ती आठवडाभर विचारेल. तेच उत्तर द्या.

आता गोष्टींचं. आपल्याकडच्या बायकांनी मुलांना मांडीवर घेऊन काय काय ऐकवलंय ते आठवून बघा. वसुबारसेच्या कहाणीत गव्हाळी-मुगाळी वासरं मारली जातात, सासू कळवळते, देवाची प्रार्थना करते आणि शेवटी वासरं उड्या मारत परत येतात. भयंकर प्रसंग आहे, तरी पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो ऐकला. ज्याची मांडी, ते माणूस जवळ होतं म्हणून. श्रावणबाळाच्या गोष्टीत मात्र कुणी परत येत नाही. बाण लागतो, आंधळे आईबाप पाण्याची वाट बघत राहतात. तुमची मुलगी रडली ती कदाचित श्रावणासाठी, कदाचित आजीसाठी. आजीसाठी रडायला तिला घरात दुसरी जागाच मिळालेली नाही. गोष्टीने तिला इजा केली असं मला वाटत नाही.

काही गोष्टी जरूर अडवा. बातम्यांतली अपघाताची दृश्यं, फोनवर फिरणारे मारहाणीचे व्हिडिओ सहा वर्षांच्या मुलासाठी नाहीत. तिथे तिला थांबवून विचारता येत नाही, 'पुढे काय झालं गं?' म्हणता येत नाही. ऐन झोपेच्या वेळी जड गोष्ट नको, हेही ठीक. आणि एखादी गोष्ट तिने स्वतःच नको म्हटली, तर तिचं ऐका.

रडणं वेगळं, त्रास वेगळा. काही आठवडे झोप मोडत असेल, अंथरूण पुन्हा ओलं होत असेल, पोटात दुखतं म्हणून शाळा टळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकाला भेटा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

शेवटी सासऱ्यांबद्दल. त्यांचा जोडीदार गेलाय. ज्या घरात तिचं नावही काढायचं नाही, तिथे ते नातीला गोष्ट सांगत होते आणि तेही बंद झालं. त्यांच्याशी तुम्ही स्वतः बोला, नवऱ्याकरवी निरोप नको. "बाबा, मी घाबरले होते. तिला गोष्टी सांगा, आईंच्याही सांगा," एवढं पुरेल. आजी तरुणपणी कशी होती, तिला काय आवडायचं, कशावरून ती चिडायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मुलीला खरं सांगाल तेव्हा त्यांनाही शेजारी बसवा. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंच्या कानावर घाला, म्हणजे वर्गात तिचे डोळे भरून आले तर त्या तिला गप्प बसवणार नाहीत.

— तुमची मावशी