स्टॅटिन आणि ड जीवनसत्त्व एकत्र घेतल्याने मायग्रेन टळतो का?

काहींचा कमी होतो, पण पुरावा एका छोट्या चाचणीचा आहे. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या त्या चाचणीचा निकाल २०१५ साली आला. माणसं ५७, मुदत २४ आठवडे. निम्म्यांना रोज दोनदा सिमव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम (हो, कोलेस्टेरॉलचीच गोळी) आणि ड-३ १००० युनिट, बाकीच्यांना बिनऔषधी गोळ्या. शेवटच्या १२ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांचे मायग्रेनचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. दुसऱ्या गटात जेमतेम एकाचे. गोम अशी, की दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या देऊन पाहिल्याच नाहीत, त्यामुळे गुण नेमका कशाचा हे कळत नाही. केमिस्टकडून परस्पर स्टॅटिन आणू नका. गरोदरपणात तर ते सहसा बंदच करतात.