सोलर पॅनल कमी वीज देतोय? आधी हे बघा

घाबरू नका, आणि लगेच नवा पॅनल तर अजिबात घेऊ नका. १०० वॅटचा पॅनल भर उन्हात ७०-७५ वॅट देत असेल तर तो ठणठणीत आहे. मागे छापलेला आकडा पॅनलमधले सेल (वीज बनवणारे छोटे तुकडे) २५ अंशांवर ठेवून मोजलेला असतो; एप्रिलमध्ये गच्चीवर ते साठीच्या घरात तापतात.

पहिला प्रश्न: मोजलंत तेव्हा बॅटरी भरलेली होती का? भरत आलेल्या बॅटरीला कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) मुद्दामच करंट कमी देतो. नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. रात्री दिवे-पंखा चालवून ती थोडी उतरवा, मग दुसऱ्या दिवशी दुपारी मोजा.

तरी कमीच?

- सावली: टाकीची, डिशची, झावळीची. कोपऱ्यावर पडली तरी बरीच वीज जाते, कारण सेल एकामागोमाग जोडलेले असतात.
- धूळ: सकाळी पॅनल गार असताना साध्या पाण्याने धुवा.
- वायर: बारीक, लांब वायर वीज खाते. पिळून टेप गुंडाळलेला सांधा दिसला तर बहुतेक तिथेच गोम आहे.

सांधे उघडताना आधी पॅनलची वायर सोडवा, मग बॅटरीची. उलट केलंत तर कंट्रोलर जळू शकतो. एमपीपीटी (पॅनलमधून जास्त वीज काढणारा कंट्रोलर) घ्यावा का, हे नंतर बघू.