कृष्णेकाठी कुत्रा मोकळा सोडावा का?

प्रश्न: परदेशात लेकीकडे पाण्याकाठची श्वान-उद्यानं पाहिली. तिथं कुत्री पट्ट्याविना पोहतात. आमचा दीड वर्षाचा लॅब्राडोरही पाण्यासाठी वेडा आहे. त्याला कृष्णेत सोडू का? – एक वाचक, सांगली

उत्तर: काका, कृपा करून सोडू नका. आपल्या कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज भागात त्या नेहमी दिसतात. थंडीत उन्हाला पडलेली मगर चिखलात ओळखूही येत नाही आणि पाण्याशी वाकलेला कुत्रा तिला सोपं सावज. पावसाळ्यात पुराची ओढ, वर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा धोका. त्या आजाराची लस आणि रेबीजची, दोन्ही वेळेवर द्या.

पळवायचंच तर नदीपासून लांबचं, कुंपणाचं शेत बघा. दहा मीटरचा दोर गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांधा. हाक मारल्यावर आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि लगेच पुन्हा खेळायला सोडा. बहुतेक जण हाक मारून थेट घरी नेतात, मग तो हाकेला येईनासा होतो.

पाण्याची हौस अंगणातल्या टबात भागवा. नंतर कान नीट पुसा, लोंबत्या कानांत ओल राहिली की ते चिघळतात. शेतातून आल्यावर बोटांच्या बेचक्यात गोचीड जरूर बघा.