‘रेड ड्वार्फ’सारखी जुनी विज्ञान-विनोदी मालिका अ‍ॅनिमेशनमध्ये परत आणावी का?

तुम्ही विचारलंय की नट आता म्हातारे झालेत, तर ‘रेड ड्वार्फ’सारखी मालिका अ‍ॅनिमेशन करून पुढे न्यावी, की आहे तिथेच थांबू द्यावी. माझं उत्तर सरळ आहे: जरूर न्यावी. फक्त दोन गोष्टींवर अडून बसावं. आवाज मूळ नटांचे हवेत, आणि अ‍ॅनिमेशनमुळे जी मोकळीक मिळते ती वापरताना हात आखडता घ्यावा. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि घोडं बहुतेक वेळा तिथेच पेंड खातं.

मी नागपुरात अ‍ॅनिमेशन शिकवतो आणि ही मालिका मला मनापासून प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉब ग्रँट आणि डग नेलर यांनी लिहिलेली ही ब्रिटिश मालिका फेब्रुवारी १९८८ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली. खाणकामाचं एक अवाढव्य अंतराळयान आहे. किरणोत्सर्गाच्या गळतीत यानावरचे सगळे मेलेत. लिस्टर नावाचा सर्वांत खालच्या हुद्द्याचा तंत्रज्ञ तेवढा वाचलाय, कारण शिक्षा म्हणून त्याला काळ थांबवणाऱ्या खोलीत कोंडलं होतं. तो बाहेर येतो तेव्हा तीस लाख वर्षं उलटून गेलेली असतात. सोबतीला कोण, तर होलोग्राम, म्हणजे प्रकाशाची नुसती प्रतिमा, होऊन परत आलेला त्याचा मेलेला खडूस रूममेट रिमर, लिस्टरच्याच मांजरीच्या वंशातून उत्क्रांत झालेला नटवा ‘कॅट’, आणि पुढे क्रायटन नावाचा यंत्रमानव. एवढं मोठं विश्व मोकळं पडलंय, पण सुरुवातीच्या भागांत मालिका घडते ती एकावर एक बंक असलेल्या करड्या खोलीत. एकमेकांना न सोसणारे दोन जण आणि दुसरीकडे जायला जागाच नाही, सगळा विनोद यातून निघतो.

वर्गात मी १९८९ च्या तिसऱ्या सीझनमधला ‘मरून्ड’ हा भाग अभ्यासाला देतो. लिस्टर आणि रिमर छोट्या यानातून एका बर्फाळ ग्रहावर अडकलेत. खायला कुत्र्याच्या खाण्याचा डबा उरलाय. रिमर होलोग्राम, त्याला भूक नाही, तो नुसता बसलाय. भागाचा बहुतेक वेळ ही दोन माणसं बोलतात, बस. मुलांना मी त्यातला आवाज देतो आणि सांगतो, या आवाजावर रिमर काढा. आधी सगळे खूश होतात, कारण हालचाल कमी म्हणजे काम कमी. मग एक्सपोजर शीट, म्हणजे कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र येणार त्याचा तक्ता, भरायला बसले की पंचाईत होते. संवादांच्या फ्रेम भराभर भरतात, तोंडाचे आकार बसतात, आणि दोन संवादांच्या मधली जागा रिकामी राहते. एक विद्यार्थिनी मूळ दृश्य पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होती. शेवटी म्हणाली, “सर, हा काहीच करून नाही राहिला, तरी हसू येऊन राहिलं.”

सगळा प्रश्न इथेच आहे. माणूस पडद्यावर गप्प बसला तरी जिवंत असतो. श्वास चालू असतो, पापणी लवते, जबडा किंचित आवळतो. चित्र थांबलं की मरतं. म्हणून आम्ही ‘मूव्हिंग होल्ड’ करतो, म्हणजे पोझ तीच ठेवून तिच्यात बारीकशी हालचाल चालू ठेवायची. पापणी मिटायला दोन-तीन फ्रेम, उघडायला थोड्या जास्त, डोळ्यांची बुबुळं आधी वळणार आणि डोकं मागून. एवढंसं करायला अख्खा दिवस जातो आणि बघणाऱ्याला ते दिसतही नाही. पैसे आणि वेळ कमी असला की स्टुडिओ काय करतो? ती शांतता बुजवून टाकतो. कोणीतरी घसरतं, काहीतरी फुटतं, मागे गमतीदार संगीत वाजतं. पटकथा तीच, नट तेच, आणि विनोद गायब.

दुसरी अडचण हशाची. ‘रेड ड्वार्फ’ मुख्यतः स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. १९९७ चा सातवा सीझन प्रेक्षकांशिवाय केला आणि हशा नंतर जोडला. त्या सीझनची लय वेगळी आहे हे सलग बघितलं की लगेच कळतं. १९९९ च्या आठव्या सीझनला प्रेक्षक परत आले. आपल्याकडे ज्यांनी वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीचं नाटक थंडीत रात्रभर बसून पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथला विनोदी नट वाक्य टाकतो, थांबतो, हशा ओसरायला लागला की मगच पुढचं वाक्य टाकतो. प्रेक्षक हसलाच नाही तर तेवढ्यात वाक्य बदलतोही. अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो, चित्रं नंतर येतात, आणि बरेचदा प्रत्येक नट वेगळ्या दिवशी एकटाच माइकसमोर उभा असतो. त्याला समोरचा नटही नाही आणि प्रेक्षकही नाही.

यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. सगळ्या नटांना एका खोलीत उभं करून, समोर थोडे लोक बसवून आवाज घ्यावा. माझे विद्यार्थी आपापल्या घरी फोनवर संवाद रेकॉर्ड करून पाठवायला बघतात. मी त्यांना वर्गात एकत्र बोलावतो, मग मे महिना असो आणि बाहेर पंचेचाळीस अंश असो. कूलरची घरघर माइकमध्ये येते, म्हणून कूलर बंद ठेवावा लागतो. घामाघूम होतात बिचारे, पण एकाचं वाक्य संपता संपता दुसऱ्याचं सुरू होणं, मधेच हसू दाबणं, हे सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये येतं. घरून आलेल्या तुकड्यांत ते कधीच सापडत नाही.

आवाज मूळ नटांचे का, याला जुने दाखले आहेत. १९७३ मध्ये ‘स्टार ट्रेक’ अ‍ॅनिमेशनमध्ये आली. ती विनोदी मालिका नाही, पण दाखला चांगला आहे. खर्च वाचवायला काही नटांना वगळायचं ठरत होतं, तेव्हा स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांनी सहकलाकार निशेल निकोल्स आणि जॉर्ज टाकेई यांच्यासाठी आग्रह धरला आणि ते दोघं आले. वॉल्टर केनिग मात्र खर्चापायी गळले. चित्रं अगदी काटकसरीची होती, एकच पोझ कितीदा तरी वापरलेली, तरीही डोळे मिटून ऐकलं तर जहाज तेच वाटतं. मालिकेला पुढे एमी पुरस्कारही मिळाला. उलट बाजूने ‘मॉर्क अँड मिंडी’ बघा. १९८२ च्या अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज रॉबिन विल्यम्स यांचाच होता, पण लेखकांनी पृथ्वीवर आलेल्या त्या परग्रहवासीयाला शाळेत नेऊन बसवलं. आवाज राहिला आणि परिस्थिती गेली. म्हणून म्हणतो, नुसता आवाज पुरत नाही.

याच्या विरोधात कोणी १९८६ च्या ‘द रिअल घोस्टबस्टर्स’चं नाव घेईल, आणि ते बरोबर आहे. तिथे मूळ चित्रपटातले नट नव्हते. एर्नी हडसन यांनी स्वतःच्याच भूमिकेसाठी आवाजाची चाचणी दिली होती, तरी काम आर्सेनिओ हॉल यांना मिळालं. मालिका तरीही उत्तम चालली. पण त्यांनी चेहरेच मुद्दाम वेगळे काढले होते आणि कथा नव्याने लिहिल्या होत्या. ती नवी मालिका होती. तुम्ही विचारताय ते जुन्या माणसांना परत भेटण्याबद्दल.

आपल्याकडे आवाजाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. ‘स्मॉल वंडर’ आपल्यापैकी बहुतेकांनी हिंदी डबिंगमध्ये पाहिली. कपाटात राहणाऱ्या त्या यंत्रमुलीचा जो सपाट आवाज आपल्या कानात आहे, तो अमेरिकेतल्या बालनटीचा नाही, इथल्या डबिंग कलाकाराचा आहे. उद्या ती मालिका अ‍ॅनिमेशनमध्ये आली तर आपल्यासाठी ‘मूळ नट’ म्हणजे ती डबिंग कलाकार. इंग्रजीत कोणालाही घ्या, पण हिंदीत तिला शोधून आणा, असं माझं ठाम मत आहे. डबिंगवाल्यांचा विचार अशा वेळी कोणी करत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘रेड ड्वार्फ’च्या बाबतीत अ‍ॅनिमेशनचे फायदेही खरे आहेत. रॉबर्ट ल्वेलिन यांना क्रायटनचा मुखवटा चढवायला तासन्‌तास खुर्चीत बसावं लागायचं, त्या वयात ते कोणी का सोसावं? होलोग्रामचं वय वाढायला नको, पण रिमर करणाऱ्या क्रिस बॅरी यांचं वाढतंच. २०२० च्या ‘द प्रॉमिस्ड लँड’मध्ये ते सगळ्यांवर दिसतं, आणि तरी तो भाग मला आवडला.

पण दृश्यं चकचकीत केली की मालिका सुधारते, हा समज याच मालिकेने खोटा ठरवलाय. १९९८ मध्ये पहिल्या तीन सीझनची डागडुजी झाली आणि यानाच्या हाताने बनवलेल्या मॉडेलच्या जागी संगणकाने केलेली दृश्यं घातली. चाहत्यांना ती रुचली नाहीत, मलाही नाही. त्या मॉडेलला वजन होतं. नव्या यानाला ते नव्हतं.

मला कोणी काम दिलं तर मी अर्ध्या तासाचे थोडेच भाग करीन. पहिले दोन पूर्ण त्या करड्या खोलीत ठेवीन, नवा ग्रह नाही, लढाई नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग आणि साधं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे आवाजावर लावलेली कच्ची रेखाटनं, झालं की ते अनोळखी लोकांना दाखवीन आणि हशा कुठे येतो ते मोजून मगच अंतिम चित्रांना हात घालीन. आणि कॅटबद्दल एक आधीच सांगून ठेवीन, कारण पहिल्याच बैठकीत कोणीतरी त्याला अंगभर लव, टोकदार कान आणि शेपूट देऊन स्केच आणणार. डॅनी जॉन-ज्यूल्स यांचा कॅट म्हणजे सुळे लावलेला, झकपक सूट घातलेला माणूस. तो मांजर आहे हे आपल्याला त्याच्या चालीतून कळतं. त्याला शेपूट काढायची नाही.